रकान्यातलं शून्य आणि बाबासाहेब

१२ मार्च १९२७. मुंबई कायदेमंडळात शिक्षणखात्याच्या खर्चावर चर्चा चालली होती. महिनाभरापूर्वीच सरकारनियुक्त सभासद म्हणून आलेले ३५ वर्षांचे एक बॅरिस्टर बोलायला उभे राहिले. अशा चर्चेत सहसा काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे. शिक्षणाचं महत्त्व, भावी पिढी, सरकारचे आभार, मग थोडी तक्रार. या सभासदांनी सरळ हिशोब मांडायला सुरुवात केली. मुंबई इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं. त्याच माणसाकडून दारूच्या करापोटी २ रुपयांहून जास्त वसूल करतं. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात १८. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरांच्या गर्दीत जातात.

हे झालं सगळ्यांचं मिळून. त्यानंतर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी तोच आकडा फोडून दाखवला.

तेव्हा शिक्षणखातं इलाख्यातल्या लोकांचे चार गट करत असे. पुढारलेले हिंदू, मुसलमान, मधल्या जाती आणि मागासलेले. शेवटच्या गटात अस्पृश्य आणि आदिवासी येत. लोकसंख्येत मधल्या जाती पहिल्या, मागासलेले दुसरे, मुसलमान तिसरे आणि पुढारलेले हिंदू चौथे. आता शाळेकडे बघा. प्राथमिक शाळेत पुढारलेल्यांची हजारी ११९ मुलं, मुसलमानांची ९२, मधल्या जातींची ३८, मागासांची १८. हायस्कुलात लाखामागे अनुक्रमे ३०००, ५००, १४० आणि १४. कॉलेजात दोन लाखांमागे १०००, ५२, १४ आणि शून्य.

शून्य! लोकसंख्येत दुसरा असलेला गट कॉलेजच्या रकान्यात नावालाही नव्हता. जे सगळ्या समाजांना समान पातळीवर आणायचं म्हणतात, त्यांनी खाली राहिलेल्यांना जास्त द्यायला पाहिजे, सगळ्यांना सारखं देऊन चालणार नाही, हा त्यांचा मुद्दा या आकड्यांवर उभा होता. तो खोडायचा तर आधी आकडे खोडावे लागले असते. आणि ते होते सरकारच्याच शिक्षणखात्याचे!

यानंतर बरोबर आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळीत पाणी घेऊन उभे होते. तो दिवस आपल्याला पाठ असतो. पोस्टरवर तोच असतो, भाषणस्पर्धेतही तोच. आठ दिवस आधीचं ते भाषण फारसं कुणाला माहीत नसतं. मला मात्र हे दोन दिवस एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

मार्च २०२१ मध्ये ओबीसींच्या स्थानिक आरक्षणावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि 'इम्पिरिकल डेटा' हा शब्द महाराष्ट्रात चहाच्या टपरीपर्यंत पोचला. आरक्षण द्यायचं तर मागासलेपण मोजून दाखवा, असं कोर्टाने सांगितलं. कॉलेजच्या कट्ट्यावर आपणही तो शब्द बिनधास्त वापरतो. पण या मोजणीसाठी ज्या माणसाने जवळजवळ चार दशकं भांडण केलं, त्याच्या आयुष्याकडे त्या बाजूने क्वचितच पाहिलं जातं.

आधी मोजमाप ठरवा

१४ एप्रिल १८९१ला महूच्या छावणीत जन्म. वडील रामजी सुभेदार लष्करातले, शिक्षणाचे भोक्ते. साताऱ्यात शाळा, मग मुंबईचं एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ला मॅट्रिक, १९१२ला बीए. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकात आहे. पुस्तकात कमी येतं ते हे की, हा माणूस मुळात अर्थशास्त्राचा विद्यार्थी होता. कोलंबियात आणि नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी जे मोठे प्रबंध लिहिले, ते कंपनी सरकारचा कारभार, प्रांतांचा जमाखर्च आणि रुपयाचं मूल्य यांवर. सरकारी अहवालाच्या कोष्टकात काय लपलंय ते वाचायची सवय तिथली.

१९१८ मध्ये, म्हणजे ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले त्याच वर्षी, त्यांचा भारतातल्या छोट्या शेतांवरचा एक निबंध छापून आला. शेताचे तुकडे फार झालेत, ते जोडा, म्हणजे शेती सुधारेल, असं तेव्हा मोठेमोठे लोक म्हणत होते. बाबासाहेबांनी विचारलं ते असं की, शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर कसं ठरवता? त्यावर राबणारे हात किती, अवजारं आणि भांडवल किती, ते नको का बघायला? शेतावर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत, त्यांच्यासाठी उद्योगधंदे उभे करणं हा खरा उपाय, असा त्यांचा निष्कर्ष होता. मराठवाड्यातल्या दोन-तीन एकरवाल्या घरातून आलेल्या वाचकाला हा निबंध शंभर वर्षं जुना वाटणार नाही. त्यातली रीत पुढे आयुष्यभर दिसते. मोजण्याआधी, काय मोजतोय आणि कशाने मोजतोय, ते ठरवायचं.

जानेवारी १९१९ला साउथबरो समिती आली. मत द्यायचा हक्क कुणाला द्यायचा, हे ठरवायला. मालमत्ता किंवा शिक्षण असेल तो मतदार, हे जवळपास ठरलेलंच होतं. वरवर पाहिलं तर नियम सगळ्यांना सारखा. २७ वर्षांच्या प्राध्यापक आंबेडकरांनी समितीपुढे दाखवलं की, हा सारखा नियम लावला तर अस्पृश्यांपैकी जवळपास कुणीच मतदार होणार नाही. मालमत्ता नाही, कारण धंदा करता येत नाही. धंदा करता येत नाही, कारण गिऱ्हाईक विटाळ मानतं. कलिंगडं विकणाऱ्या महार बाईला पोलिसांनी पकडल्याचा ताजा दाखलाही त्यांनी दिला.

मग १९२० साली 'मूकनायक', पुन्हा लंडन, डी.एस्सी., बॅरिस्टरी, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा. १९२८ मध्ये सायमन आयोग आला, तेव्हा काँग्रेसने बहिष्कार टाकला. बाबासाहेबांनी मात्र सभेतर्फे निवेदनं दिली आणि त्यातलं एक खास शिक्षणाचं होतं. मुंबई इलाख्यात अस्पृश्यांच्या शिक्षणाचं सरकारने गेल्या शतकभरात काय केलं, त्याचा सनावळीसकट हिशोब. त्यासाठी त्यांना देशद्रोही म्हणणारेही निघाले.

चाळीसगावचा टांगा

त्याच वर्षी मुंबई सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष ओ. एच. बी. स्टार्ट नावाचे आयसीएस अधिकारी, म्हणून ती स्टार्ट समिती. अस्पृश्य आणि आदिवासींची परिस्थिती इलाखाभर फिरून तपासायची, हे काम. सदस्यांत डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी आणि ठक्कर बाप्पाही होते. मंडळी वाटून घेऊन जिल्ह्यांत फिरली. बाबासाहेबांच्या आणि आणखी एका सदस्याच्या वाट्याला खान्देशचे दोन जिल्हे आले.

१९२९ची गोष्ट. काम संपवून बाबासाहेब मुंबईकडे निघाले होते. पण धुळे लाइनवरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार टाकलाय, असं कळलं होतं. म्हणून ते चाळीसगावला उतरले. चाळीसगाव म्हणजे आपल्याला काही लांब नाही. कन्नडचा घाट उतरलं की आलंच. स्टेशनवर तिथली महार मंडळी भेटली, रात्री आमच्याकडे मुक्काम करा म्हणून आग्रह झाला. बाबासाहेबांनी त्या गावी जाऊन चौकशी केली आणि परतीच्या गाडीने चाळीसगावला आले. स्वागत झालं, हार घातले. महारवाडा स्टेशनपासून दोनेक मैल. स्टेशनबाहेर टांगे उभे होते. तरी कुणी हलेना. तास गेला.

शेवटी एक टांगा आला. बाबासाहेब एकटेच बसले, बाकीचे जवळच्या वाटेने पायी निघाले. टांगा दोनशे पावलं गेला नाही तोच एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवर कठडा नसलेला छोटा पूल होता. तिथे चाक दगडाला अडकलं आणि घोडा-टांगा दोन्ही खाली नदीत गेले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. पाय मोडला, काही वेळ शुद्ध नव्हती.

खरी गोष्ट त्यांना नंतर कळली. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला टांग्यात बसवून न्यायला तयार नव्हता. आलेल्या पाहुण्याला पायी कसं न्यायचं, म्हणून मंडळींनी तोड काढली. टांगा भाड्याने द्या, हाकायला आमचा माणूस बसवतो. टांगेवाल्याने ते मान्य केलं. हाकणाऱ्या माणसाला मात्र टांगा हाकायची सवय नव्हती. आपली अब्रू राखायला माणसांनी पाहुण्याचा जीव धोक्यात घातला, याचं बाबासाहेबांना वाईट वाटलं. आणि एका बॅरिस्टरपेक्षा स्वतःला उच्च समजणाऱ्या टांगेवाल्याबद्दलही त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिलं.

ते तिथे गेले होते ते भेदभावाची नोंद करायला, आणि तोच भेदभाव त्यांच्या अंगावर आला. स्टार्ट समितीच्या अहवालातली मोजणी वाचताना हा मोडका पाय लक्षात ठेवावा. आकडे गोळा करणारा माणूस कोरडा, लांबून बघणारा असतो, असं आपल्याला वाटतं. हा तसा नव्हता.

मार्च १९३०ला अहवाल आला. त्यात मागासवर्गांचे तीन भाग सुचवले होते. अस्पृश्य, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागासवर्ग. तिसरा शब्द ओळखीचा वाटला ना? ॲडमिशनच्या फॉर्मवर 'ओबीसी'समोर टिक करणारे लाखो विद्यार्थी मुंबई इलाख्यातल्या त्या अहवालातल्या शब्दावर टिक करतात. मंडल आयोगाच्या कितीतरी आधीचा हा शब्द.

अचानक कमी झालेली माणसं

आकड्यांसाठी सर्वांत मोठं भांडण १९३२ मध्ये झालं. ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

इंग्रजांची शिरगणती १८७१-७२ पासून सुरू होती. १९११च्या खेपेला अधिकाऱ्यांनी हिंदूंमधल्या जाती वेगळ्या करून बघायच्या ठरवल्या आणि त्यासाठी दहा कसोट्या लावल्या. ब्राह्मण यांना मंत्र देतो का? देवळात जाता येतं का? शिवल्याने विटाळ होतो का? प्रेत पुरतात का? अशा. त्यावरून अस्पृश्यांची स्वतंत्र संख्या पुढे आली आणि हिंदू समाजात खळबळ उडाली. मुसलमानांच्या नेत्यांनी आधीच म्हटलेलं होतं की, जे देवळात जाऊ शकत नाहीत त्यांना हिंदूंच्या संख्येत धरू नका. संख्येवर प्रतिनिधी ठरणार होते, त्यामुळे खानेसुमारी आता कुणाला परवडणारी निरुपद्रवी गोष्ट राहिली नव्हती. बाबासाहेबांनी पुढे १९४८च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात या दहा कसोट्यांचा बारकाईने विचार केला. इंग्रजांनी हे सगळं काही दलितांच्या प्रेमापोटी केलं नव्हतं, हे त्यांना पुरतं कळत होतं. पण मोजलं गेलं होतं, आणि ते वापरायचं त्यांनी ठरवलं.

गोलमेज परिषदेनंतर मताधिकार ठरवायला लोथियन समिती आली. बाबासाहेब तिचे सदस्य. अस्पृश्यांना किती जागा द्यायच्या, हे त्यांच्या लोकसंख्येवर ठरणार, हे आता सगळ्यांना माहीत होतं. आणि एक चमत्कार घडला. प्रांताप्रांतांतून साक्षी येऊ लागल्या की, आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच! संयुक्त प्रांताचं, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाचं उदाहरण घ्या. सायमन आयोगाने तिथे अस्पृश्य १ कोटी २० लाखांच्या आसपास धरले होते. प्रांतिक सरकारने ६८ लाख सांगितले. आणि प्रांतिक मताधिकार समितीने? ६ लाखांच्या घरात. दोन-चार वर्षांत एक कोटीहून जास्त माणसं कागदावरून गेली. ना साथ आली, ना दुष्काळ.

हे कसं झालं? व्याख्या बदलून. जवळ आल्याने किंवा शिवल्याने प्रत्यक्ष विटाळ होतो, अशी कडक कसोटी लावली की उत्तर भारतातल्या कितीतरी जाती यादीबाहेर पडतात. बाबासाहेबांनी समितीला जोडलेल्या आपल्या टिपणात हाच धागा पकडला. दक्षिणेत विटाळ जसा पाळतात तसा उत्तरेत पाळत नसतील. पण समाजाच्या मनात ती माणसं खालचीच आहेत, त्यांच्याशी व्यवहार तसाच होतो. मग मोजमापाची पट्टी दक्षिणेची का लावायची? हे वाचताना त्यांच्यातला छोट्या शेतांवरचा निबंध लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ पुन्हा दिसतो. एकर मोजू नका, माणूस काय अवस्थेत आहे ते मोजा.

१९३१ची शिरगणती जे. एच. हटन यांनी केली. अस्पृश्यांची संख्या सुमारे ५ कोटी निघाली. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला, प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ जागा ठरल्या. त्या कराराबद्दल दोन्ही बाजूंनी आजवर इतकं लिहिलं गेलंय की इथे त्यात शिरत नाही. एवढंच लक्षात घ्यायचं की, सगळ्या जातींची मोजदाद होऊन छापली गेलेली ती १९३१ची शिरगणती शेवटची ठरली. १९४१ मध्ये महायुद्धामुळे कोष्टकं पुरी झालीच नाहीत.

१९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. इथेही तीच सवय. कामगारांच्या पगाराबद्दल, घरांबद्दल, कर्जाबद्दल देशात नीट माहितीच नव्हती, म्हणून १९४४ मध्ये डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिने तीसहून जास्त उद्योगांतल्या कामगारांची पाहणी केली.

एकाच महिन्यातल्या दोन तारखा

आता आपल्या गावात येऊ.

निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला पदवीपर्यंत शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे, आणि तेही उस्मानियात, उर्दूतून. औरंगाबादला इंटरपर्यंतचं कॉलेज होतं, त्यापुढे काही नाही. १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत १९४६ला सिद्धार्थ कॉलेज काढलं होतं. दुसऱ्या कॉलेजसाठी त्यांनी पुणं निवडलं नाही, नागपूर नाही. औरंगाबाद निवडलं. जून १९५० मध्ये कॉलेज सुरू झालं. पुढे त्याला नाव मिळालं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला देणं, हे बाबासाहेबांनाच सुचू शकतं.

१ सप्टेंबर १९५१ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कॉलेजच्या इमारतीची कोनशिला बसली. त्या वेळी बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री होते. त्याच महिन्याच्या २७ तारखेला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

राजीनाम्याचं कारण म्हणून हिंदू कोड बिल आपल्याला सांगितलं जातं आणि ते खरंच आहे. पण त्यांनी आणखीही कारणं दिली होती. त्यातलं एक आपल्या विषयाचं. राज्यघटनेत अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात बांधल्या होत्या, त्यामुळे त्यांची मोजणी होणं भागच होतं. इतर मागासवर्गांचं काय? त्यांच्यासाठी कलम ३४० ठेवलं. राष्ट्रपतींनी आयोग नेमावा, त्याने या वर्गांची परिस्थिती तपासावी आणि उपाय सुचवावेत. घटना लागू होऊन दीड वर्ष झालं, आयोगाचा पत्ता नव्हता. सरकारला त्याचा विचारही करावासा वाटत नाही, ही त्यांची तक्रार होती.

शेवटी २९ जानेवारी १९५३ला काकासाहेब कालेलकरांचा आयोग नेमला गेला. पण त्याच्यापुढे मोठी अडचण होती. १९५१च्या जनगणनेत अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी जातींची कोष्टकं वगळायचा निर्णय सरकारने घेतला होता. नव्या देशात जात मोजायची कशाला, मोजली की ती आणखी घट्ट होते, असा विचार त्यामागे होता.

हा विचार आजही आपल्यातल्या पुष्कळांना पटतो, आणि तो सगळा ढोंगी असतो असं मी म्हणणार नाही. 'आम्ही जात मानत नाही, मग फॉर्मवर का लिहायची?' असं म्हणणारी मुलंमुली प्रत्येक वर्गात भेटतात. जात मोडण्यावर ज्यांनी सगळ्यांत धारदार पुस्तक लिहिलं, त्या बाबासाहेबांना हा मुद्दा कळत नव्हता असं तर नाही ना? तरीही १९५१च्या निर्णयावर ते भयंकर चिडले. शब्दकोशातून शब्द काढून टाकला म्हणजे ती वस्तू जगातून नाहीशी होते, असं समजणाऱ्या मंत्र्याच्या बुद्धीची त्यांनी जाहीर कीव केली. ते कुठे? 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' या भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात. भाषावार राज्यात एखादी मोठी जात सगळी सत्ता ताब्यात घेईल आणि लहान जाती तिच्या दयेवर राहतील, ही त्यांची भीती. ती किती खरी, हे दाखवायला जातींची कोष्टकं हवी होती, आणि नेमकी तीच नव्हती.

या पुस्तकाच्या प्रस्तावनेखाली तारीख आहे २३ डिसेंबर १९५५ आणि पत्ता आहे मिलिंद महाविद्यालय, नागसेनवन, औरंगाबाद.

त्याच पुस्तकात त्यांनी महाराष्ट्राचे चार भाग करावेत असं सुचवलं आणि मराठवाडा मध्य महाराष्ट्रात टाकला. पुढे तसं झालं नाही. संयुक्त महाराष्ट्रवाल्यांना ते तेव्हा रुचलंही नाही. पण मराठवाडा वेगळा का काढायचा, याची त्यांनी दिलेली कारणं वाचण्यासारखी आहेत. दोनशे वर्षं निजामाने या भागाकडे ढुंकून पाहिलं नाही. कालव्याच्या पाण्यावर भिजणारी मैलभरही जमीन नाही. तालुक्याच्या गावी हायस्कूल मिळणं मुश्किल. निजामाच्या नोकरीत मराठवाड्याचा तरुण दिसत नाही. पाणी, शाळा, नोकरी. मागासलेपण प्रदेशाचं असो की जातीचं, त्यांची पट्टी तीच. १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांच्या समितीने महाराष्ट्राचा असमतोल मोजायला घेतला, तेव्हा तिनेही रस्ते, सिंचन, शिक्षण अशी खाती पाडून कोणता जिल्हा सरासरीच्या किती मागे आहे ते काढलं. 'अनुशेष' हा मराठवाड्याच्या प्रत्येक भाषणातला शब्द त्या अहवालाने रूढ केला.

कालेलकर आयोगाने मार्च १९५५ला अहवाल दिला. २३९९ जाती मागास ठरवल्या, आणि पुढच्या जनगणनेत जात नोंदवा अशी शिफारस केली. कालेलकर स्वतःच शेवटी आपल्या आयोगाच्या जातीच्या कसोटीबद्दल साशंक झाले होते. सरकारने अहवाल बाजूला ठेवला. ६ डिसेंबर १९५६ला दिल्लीत बाबासाहेब गेले. १९६१च्या जनगणनेत जात आली नाही. १९८०च्या मंडल आयोगालाही ओबीसींची लोकसंख्या ५२ टक्के काढताना १९३१च्या आकड्यांचाच आधार घ्यावा लागला. २०११ मध्ये सामाजिक-आर्थिक-जात पाहणी झाली, पण तिचे जातींचे आकडे बाहेर आलेच नाहीत. मराठवाड्यात २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकाळची दफ्तरं उघडली, कारण आजच्या माणसाचा पुरावा शोधायला शंभर वर्षांपूर्वीच्या मोडी-उर्दू कागदांशिवाय दुसरं काही हाताशी नव्हतं. कुणाची मागणी बरोबर, कुणाची चूक, हा वेगळा वाद. पण दोन्ही बाजू आकड्यांसाठी भांडत होत्या आणि ताजे आकडे एकीकडेही नव्हते.

३० एप्रिल २०२५ला केंद्राने पुढच्या जनगणनेत सगळ्या जाती मोजायचं जाहीर केलं. त्या मोजणीचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरवला आहे. १९३१ नंतर ९६ वर्षांनी.

आणि १९२७च्या कोष्टकातला तो कॉलेजचा रकाना? तो आजही दरवर्षी भरला जातो. आपल्या ॲडमिशन फॉर्मवरचा प्रवर्ग कॉलेजकडून केंद्राच्या उच्च शिक्षण पाहणीत जातो. मिलिंदमधून जातो, देवगिरीतून जातो, स. भु. मधून जातो. २०२१-२२च्या पाहणीत देशभरात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. त्यात अनुसूचित जातींचे ६६ लाख २३ हजार, म्हणजे १५.३ टक्के. लोकसंख्येत त्यांचं प्रमाण १६.६ टक्के. हा दुसरा आकडा मात्र २०११चा आहे.